बांधावरच्या बाभळीचा हिशोब

गंगापूरहून लासूर स्टेशनकडे जाताना वाटेत जंगल लागत नाही. लागतात ती शेतं. खरिपात कापूस, मका, बाजरी, तूर; रब्बीत विहिरीला पाणी टिकलं तर कांदा आणि गहू. मधूनच शिवना नदीचं उथळ पात्र, एखादी वीटभट्टी आणि बांधाबांधावर विखुरलेल्या बाभळी, लिंब, बोरी, हिवर. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात जंगल म्हणावं असं जे आहे ते उत्तरेला, कन्नड-सोयगावच्या डोंगरांत. १९८६ साली जाहीर झालेलं गौताळा औट्रमघाट अभयारण्य तिकडचंच. सगळा जिल्हा धरला तरी वनाच्छादन पाच-सहा टक्क्यांच्या पुढे जात नाही, आणि गोदावरीकाठच्या सपाट गंगापूर तालुक्याच्या वाट्याला त्यातलं फारसं काही येत नाही. मग इथे जंगलतोड कसली?

सरकारी व्याख्येनं पाहिलं तर खरोखरच कसली नाही. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रांवरून देशातलं वनाच्छादन मोजतं. किमान एक हेक्टरचा सलग पट्टा आणि त्यावर किमान दहा टक्के झाडांची सावली, एवढं असेल तर ती जमीन वनाच्छादनात धरली जाते. बांधावरची बाभूळ, विहिरीजवळचा लिंब, ओढ्याकाठची चार करंजं या मापात बसत नाहीत. जंगलाबाहेरच्या झाडांचा अंदाज वेगळा काढला जातो, पण तो नमुन्यांवरून. त्यामुळे एखाद्या शिवारातली पन्नास मोठी झाडं एका उन्हाळ्यात गेली, तरी वनांच्या अहवालात जिल्ह्याचा आकडा जागचा हलत नाही.

कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकी हीच झाडं मोजली. शेतातलं एकेक झाड उपग्रहाच्या बारकाव्याच्या चित्रांतून वेचून काढून त्यांनी भारतभरातल्या सुमारे साठ कोटी झाडांचा नकाशा केला. ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात मे २०२४ मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार, २०१०-११ साली दिसलेल्या मोठ्या शेतझाडांपैकी अकरा टक्क्यांच्या आसपास झाडं २०१८ पर्यंत नाहीशी झाली होती. पुढच्या चार वर्षांत, २०२२ पर्यंत, आणखी पन्नास लाखांहून अधिक मोठी झाडं गेली. ज्या भागांत ही घट ठळक दिसली त्यांत महाराष्ट्र आणि तेलंगणातले काही पट्टे आहेत. झाडं का गेली, याचं उत्तर संशोधकांना वणव्यात किंवा लाकूडचोरांच्या टोळ्यांत सापडलं नाही. पिकाला अडचण होते म्हणून शेतकऱ्यांनी स्वतःच ती काढली होती.

पिढ्यानपिढ्या जपलेलं झाड शेतकऱ्याला अडचणीचं का वाटू लागलं, हे समजायला उपग्रहावरून खाली येऊन घराच्या ओसरीवर बसावं लागतं.

बाभळीचंच घेऊ. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गंगापूरकडच्या शेतकरी घरात बाभूळ नसेल अशी जागा शोधावी लागली असती. नांगर, वखर, तिफण, जू, शिवळा ही सगळी औजारं बाभळीची, कारण लाकूड चिवट आणि पाण्याला दाद न देणारं. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, पुट्टे बाभळीचे. वरची धाव तेवढी लोखंडाची. कुऱ्हाडीचा आणि कुदळीचा दांडा बाभळीचा. शेंगा शेळ्यांना. डिंक बाळंतिणीच्या लाडवाला. काट्याच्या फांद्या कुंपणाला, कोवळ्या काड्या दात घासायला, आणि उरलंसुरलं चुलीला. गावचा सुतार बलुत्यावर ही औजारं घडवून द्यायचा, पण लाकूड शेतकऱ्यानं आणायचं असा रिवाज होता. म्हणजे बांधावर चार-सहा बाभळी वाढत ठेवणं हा शेतीच्या भांडवलाचाच भाग होता. कोणतं खोड वखराला लागेल, कोणतं वाकण जुवाला बसेल, हे झाड उभं असतानाच ठरलेलं असे.

घरही लाकडावरच उभं असायचं. मराठवाड्यातलं माळवद म्हणजे लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर किलचन, त्यावर पाल्याचा आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. एक घर बांधायचं तर लिंब, बाभूळ, ऐपत असेल तर साग, असं बरंच लाकूड लागे. म्हणजे तेव्हाही झाडं तोडली जात होतीच, आणि कमी नव्हे. जुन्या काळी लोक झाडांना देव मानत म्हणून झाडं टिकली, असं सांगण्याची आपल्याकडे फार हौस आहे. म्हसोबाचा लिंब आणि मुंजाचा पिंपळ सोडला तर बाकीची झाडं भक्तीवर टिकलेली नव्हती. घराला त्यांचं काम होतं, म्हणून एक तोडताना दुसरं राखलं जाई.

ते काम गेलं. ट्रॅक्टर आला तसे बैल कमी झाले. बैल कमी झाले तशी लाकडी औजारं गेली. औजारं गेली तसा सुतार लोखंडी वेल्डिंगच्या दुकानाशेजारी खिडक्या-दारं करू लागला, किंवा गाव सोडून गेला. माळवदं उतरवून स्लॅब पडले. घरकुल योजनेचं घर सिमेंट-विटांचं. वरवर पाहता ही झाडांसाठी चांगली बातमी: लाकडाची गरज घटली, म्हणजे तोड घटायला हवी. झालं उलटं. गरज घटली तशी राखण्याची कारणं संपली.

आणि नवी तक्रार उभी राहिली. शेतकरी तिला ‘वसवा’ म्हणतो: मोठ्या झाडाच्या सावलीनं आणि मुळांनी भोवतालचं पीक खुरटतं, दोन-चार तासं वाया जातात. बैलाच्या औताला झाडाला वळसा घालता येतो, रोटाव्हेटर लावलेल्या ट्रॅक्टरला ते मधे येतं. बाजरी काय, थोडी सावली सोसून घेई. कापूस आणि कांद्याला ऊन पुरेपूर लागतं, आणि त्या पिकांत बी, खत, फवारणीचा पैसा आधीच ओतलेला असतो. उसनवारी करून लावलेल्या कांद्याच्या चार वाफ्यांवर लिंबाची सावली पडत असेल तर शेतकरी लिंबाकडे सावकाराच्या नजरेनं बघू लागतो.

त्यात जमिनीचे तुकडे. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. दहा एकरांच्या शेतात दोन झाडांचा वसवा कोणी मोजत नाही. तीन एकरांत तो मोजला जातो. वाटण्यांमुळे बांध वाढले, म्हणजे झाडांना जागा वाढली असं कागदावर वाटेल. पण वाटणीतला बांध भांडणाचा. दरवर्षी नांगरताना बांध कोरायचा हा गावोगावचा उद्योग आहे, आणि त्या कोरलेल्या बांधावर झाड असेल तर मूळ कोणाच्या हद्दीत, फांदी कोणाच्या, शेंगा कोणाच्या, यावरून दोन भाऊ तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात. सामाईक बांधावरचं झाड विकून पैसे निम्मे-निम्मे वाटून घेणं हा कित्येक ठिकाणी तंटा मिटवण्याचा सोपा मार्ग ठरतो.

विकायला गिऱ्हाईक दारात असतंच. लाकडाचा व्यापारी झाड उभं असतानाच भाव करतो, पेट्रोलवर चालणारा कटर आणि टेम्पो घेऊन येतो, दुपारपर्यंत जागा मोकळी. कायद्याचा धाक? महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, अंजन अशा सोळा जाती आहेत. त्या खासगी जमिनीवर असल्या तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ त्या यादीत नाही. कोरडवाहू शिवारात सगळ्यात जास्त असलेलं आणि सगळ्यात जास्त विकलं जाणारं झाड यादीबाहेर आहे.

यादीतल्या झाडांचं तरी भलं झालं का, हाही प्रश्नच आहे. चिंच तोडायला अर्ज, पंचनामा, हेलपाटे लागतात हे कळल्यावर नवी चिंच बांधावर आपोआप उगवली तरी ती गुडघ्याएवढी असतानाच उपटून टाकायची, असं शहाणपण त्यातून येतं. मोठं होऊन सरकारच्या नजरेत भरण्याआधी काढलेल्या रोपाला कोणताही कायदा लागू नसतो.

घरावर वेळ आली की झाड विकलं जातं. मुलीचं लग्न, दवाखाना, शाळेची फी, बियाण्याची उधारी. अशा वेळी बांधावरचं झाड ही व्याज न मागणारी, तारण न मागणारी, अर्ज न भरता मोडता येणारी ठेव असते. शेळी विकायची, मग झाड, मग दागिना, मग जमीन, असा साधारण उतरता क्रम. गंगापूर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. सरासरी पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात, आणि ही सरासरी दरवर्षी गाठली जातेच असं नाही. त्यामुळे ठेव मोडण्याची पाळी एकट्यादुकट्या घरावर येत नाही, साऱ्या गावावर एकदमच येते. सगळे एकाच उन्हाळ्यात झाडं विकायला काढतात, आणि भाव पडतात ते वेगळंच.

१९७२ च्या दुष्काळानं हे मोठ्या प्रमाणावर दाखवलं. त्या दुष्काळात सरकारनं खडी फोडण्याची, रस्त्यांची, पाझर तलावांची कामं काढली, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. या योजनेचं कौतुक मजुरीसाठी होतं ते रास्तच. पण तिचा दुसरा उपयोग फारसा बोलला जात नाही. ज्या घरात दुष्काळातही आठवड्याला चार पैसे येतात, त्या घराला बांधावरचं झाड लगेच विकावं लागत नाही. वृक्षलागवडीच्या एखाद्या मोहिमेपेक्षा वेळेवर मिळालेली मजुरी झाडं जास्त वाचवते, आणि वेळेवर न मिळालेली मजुरी त्यांच्या मुळावर येते. वनखात्याच्या कोणत्याही तक्त्यात ही जोडी एकत्र दिसणार नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात झाडतोडीचा आणखी एक प्रकार दिसला. जालना आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात मोसंबीच्या बागा जळाल्या. दहा-बारा वर्षं लेकरासारख्या वाढवलेल्या बागांना टँकरनं पाणी घालून शेतकरी थकले आणि शेवटी त्यांनी वाळलेली झाडं बुडासकट काढून सरपणाच्या भावानं विकली. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून सरकारी अनुदानावर उभं राहिलेलं हिरवेपण असं दोन-तीन कोरड्या वर्षांत चुलीत गेलं. जंगल म्हणून त्या बागांची नोंद नव्हती, त्यामुळे जंगलतोड म्हणूनही झाली नाही.

सरपणाचा विषय निघाला की बोट लगेच डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईकडे जातं. ही समजूत जुनी आहे. १९७५ साली अमेरिकेतल्या वर्ल्डवॉच संस्थेनं एरिक एकहोम यांची एक पुस्तिका काढली. तेलाच्या टंचाईइतकंच सरपणाचं संकट गरीब देशांवर घोंघावत आहे, चुलींसाठी जंगलं संपत आहेत, असं तीत म्हटलं होतं. जगभर त्यावर धोरणं बेतली गेली. आपल्याकडे निर्धूर चुली वाटल्या गेल्या, आणि १९८२ पासून सामाजिक वनीकरण विभागानं सुबाभूळ-निलगिरीची रोपं. पुढच्या अभ्यासांत दिसलं की खेड्यातलं बहुतेक सरपण झाड पाडून आलेलंच नव्हतं. ते वाळक्या फांद्यांतून, काटक्यांतून, शेतातल्या काडीकचऱ्यातून येत होतं. मोळीवाली बाई झाड पाडत नाही. पाडायला तिच्याकडे ना वेळ, ना हत्यार, ना ते झाड तिच्या मालकीचं.

गंगापूरसारख्या कापसाच्या पट्ट्यात तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. कापूस वेचून झाला की उरते पऱ्हाटी. ती उपटून, भारे बांधून घराच्या भिंतीशी किंवा खळ्यात रचून ठेवली की पाच-सहा महिन्यांचं जळण झालं. जोडीला तुराट्या, मक्याची बुरकुंडं, गोवऱ्या. बाजरीची भाकरी पऱ्हाटीच्या जाळावर चांगली फुगते. मोठं लाकूड लागतं ते लग्नातल्या आचाऱ्याला, ढाब्याला, वीटभट्टीला. घरच्या चुलीला क्वचित.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं राज्यातला कापूस पोखरला आणि या घरगुती व्यवस्थेला अनपेक्षित धक्का बसला. अळीचे कोष वाळलेल्या पऱ्हाटीत आणि बोंडांत दबा धरून राहतात, म्हणून फरदड घेऊ नका, पऱ्हाट्यांचे ढीग घराजवळ किंवा बांधावर रचू नका, श्रेडरनं बारीक करून जमिनीत गाडा, असा कृषी खात्याचा सल्ला गावोगाव गेला. शेतीच्या दृष्टीनं सल्ला बिनचूक. जमिनीला सेंद्रिय खतही मिळतं. फक्त पऱ्हाटी हे घरातल्या बाईचं वर्षाचं इंधन आहे, ते गेलं तर तिनं काय जाळायचं, हा मुद्दा त्या सल्ल्यात कुठे नव्हता. ते पीक-संरक्षणाचं पत्रक होतं. चूल त्या विभागाच्या कक्षेबाहेर.

उत्तर म्हणून गॅस पुढे केला जातो. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली आणि टाक्या खरोखरच खेड्यांत पोचल्या. पण टाकी असणं वेगळं आणि ती भरून आणणं वेगळं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ग्रामीण भारतातली जेमतेम ४३ टक्के घरं स्वयंपाकासाठी मुख्यतः स्वच्छ इंधन वापरताना आढळली. ज्या घरात महिन्याचा पगार येतो तिथे गॅस रोज पेटतो. ज्या घरात पैसा कापूस विकल्यावर एकदम येतो आणि पेरणीत एकदम जातो, तिथे गॅसवर चहा आणि पाहुण्यांची भाजी होते. भाकरी चुलीवर, अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर. टाकीच्या किमतीइतकाच हा पैशाच्या चालीचा प्रश्न आहे.

आतापर्यंतचा हिशोब जमीन असलेल्यांचा झाला. ज्याला बांधच नाही त्याचं काय?

त्याचं झाड गायरानात असतं. एन. एस. जोधा यांनी १९८६ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त कोरडवाहू भारताच्या सामाईक जमिनींचा अभ्यास मांडला, तो आजही वाचावा असा आहे. सात राज्यांतल्या ऐंशीहून अधिक गावांची पाहणी होती, महाराष्ट्रातलीही गावं त्यात होती. गरीब कुटुंबांच्या उत्पन्नातला साधारण १४ ते २३ टक्के हिस्सा गायरान, पडीक, ओढे-नाले यांतून येत होता: चारा, सरपण, बोरं, डिंक, पळसाची पानं. सधन कुटुंबांत तोच हिस्सा एक ते तीन टक्के. आणि १९५० च्या दशकाच्या आरंभापासून तीस वर्षांत या सामाईक जमिनी राज्याराज्यांत ३१ ते ५५ टक्क्यांनी घटल्या होत्या. सरकारनं वाटल्या, धनदांडग्यांनी दाबल्या, काही भूमिहीनांनी कसायला घेतल्या.

मराठवाड्यात यातल्या शेवटच्या गोष्टीला मोठा इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह, नंतरची गायरान हक्काची आंदोलनं, आणि मागासवर्गीय भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याविषयीचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय. गायरान फोडून ज्वारी-बाजरी पेरणारं दलित कुटुंब हे पर्यावरणाच्या नजरेतून जंगलतोड करणारं ठरतं, न्यायाच्या नजरेतून पिढ्यांचा हक्क मागणारं. दोन्ही नजरा एकाच एकरावर पडतात. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले, तेव्हा भूमिहीनांना दिलेल्या जमिनींसारखे अपवाद राखून ठेवले. प्रत्यक्षात नोटीस आधी कोणाला जाते, हे गावात कोणालाही विचारावं.

गायरानावर झाडं लावायला सरकारही येतं. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि शेवटी तेहतीस कोटी अशा चढत्या उद्दिष्टांच्या लागवड मोहिमा झाल्या. रोपवनाला कुंपण पडलं की शेळ्या बाहेर. शेळी हे भूमिहीन घराचं, विशेषतः त्या घरातल्या बाईचं हाती असलेलं धन. उस्मानाबादी शेळी काटक, जुळी करडं देणारी, बाभळीच्या पाल्यावर निभावणारी. तिला चरायला जागा उरली नाही तर ती दुसऱ्याच्या बांधावर जाते, आकड्यानं ओढलेल्या फांद्या खाते, आणि मग ‘शेळी झाडांची वैरीण’ हे वाक्य पुन्हा ऐकायला मिळतं. लागवडीचा खड्डा खोदायच्या आधी तिथे कोण काय चारत होतं याची चौकशी केली असती तर त्या कुंपणांपैकी कितीतरी आज शाबूत असती.

उजाड गायरानात आणि ओढ्याकाठी आता एकच झाड माजलं आहे, वेडी बाभूळ. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली ही जात १८७७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणली गेली. ढोरं तिचा पाला खात नाहीत, शेंगा खातात आणि शेणातून बी सगळीकडे पसरवतात. उपग्रहाला ती हिरवी दिसते. गावाला ती नकोशी वाटते, पण चूल तिच्यावर पेटते आणि दुष्काळात कोळशाच्या भट्ट्याही तिच्यावरच लागतात. ती तोडल्यावर बुडातून पुन्हा फुटते. गावठी बाभळीची जागा तिनं घेतली हे नुकसान खरं. पण ती नसती तर कित्येक भूमिहीन घरांच्या चुलीला काहीच उरलं नसतं, हेही तितकंच खरं.

गंगापूर तालुक्याच्या दोन टोकांना दोन मोठ्या गोष्टी घडल्या आणि दोन्हींनी झाडांचा भाव बदलला. दक्षिणेला जायकवाडी. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ साली पायाभरणी झालेलं हे धरण १९७६ साली पुरं झालं. नाथसागराचं पाणी कायगाव टोक्याच्या बाजूला पसरलं, गोदाकाठच्या काळ्या जमिनी आणि त्यावरची झाडी पाण्याखाली गेली, शंभराहून अधिक गावं उठली. उठलेल्या माणसांनी माळरानं फोडून नवी शेतं केली. नंतर बॅकवॉटरमधून पाइपलाइन ओढून ऊस आला. उसाच्या फडात झाडाला जागा नसते. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर होते, तिथेही झाड वाढण्याचा प्रश्न येत नाही.

पूर्वेला वाळूज. १९८५ मध्ये तिथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि मागोमाग शेकडो छोटे-मोठे कारखाने. रांजणगाव शेणपुंजी, वाळूज, पंढरपूर ही गावं कामगारांच्या खोल्यांनी भरून गेली. आसपासच्या गावांतली पोरं शिफ्टला जाऊ लागली. घरात पगार आला की पहिली शेळी जाते, मग चूल मागे पडते. पोरांना काटक्या वेचायला कोणी पाठवत नाही. अशा घराचा सरपणासाठी झाडावरचा भार खरंच कमी होतो. पण त्याच पगारानं जमिनीला प्लॉटचा भाव येतो, आणि प्लॉट पाडताना पहिलं काम जेसीबीचं. समृद्धी महामार्गही या तालुक्यातून गेला. त्याच्या भूसंपादनात झाडांची वेगळी मोजणी झाली, त्यांची किंमत मोबदल्यात धरली गेली. उभ्या झाडाला सरकारी कागदावर रुपयांत किंमत मिळाल्याचा अनुभव कित्येक शेतकऱ्यांना ते झाड जाताना आला.

झाड राखून घर चालतं का, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. पाऊस तिथे गंगापूरहूनही कमी. पण बंदीबरोबर गवत कापून नेण्याची मुभा ठेवली, रोजगार हमीतून बांधबंदिस्ती झाली, मजुरी मिळाली, शेळ्यांची जागा दुभत्या जनावरांनी घेतली. नव्वदच्या दशकाच्या मध्यात दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेलं दूध काही वर्षांत चार हजार लिटरांवर गेलं. झाडं आणि गवत राखण्यात घराला रोख पैसा दिसला, म्हणून ती राखली गेली. याची दुसरी बाजूही आहे. महाराष्ट्रातल्या पाणलोट प्रकल्पांचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवलं आहे की चराईबंदीची पहिली किंमत शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीनांनी मोजली. गाय घेण्याची ऐपत असलेल्यांना फळ मिळालं. हिवरे बाजारची नक्कल करू पाहणाऱ्या अनेक गावांत बंदी आली, गाय आली नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात गोष्ट वेगळ्या वाटेनं घडली. पाऊस आपल्या कोरडवाहू पट्ट्याएवढाच किंवा थोडा कमी. फ्रेंचांच्या काळापासून शेतातलं झाड सरकारच्या मालकीचं, त्यामुळे शेतकरी रोप दिसलं की उपटत. आपल्या चिंचेसारखंच. १९८० च्या दशकात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कार्यकर्त्यानं मरादी भागात लक्षात आणून दिलं की नवी रोपं लावायची गरजच नाही. जमिनीत जुन्या झाडांची जिवंत बुडं आहेत, दरवर्षी फुटणाऱ्या धुमाऱ्यांपैकी चार-पाच राखली की पुरे. सरकारी मालकीचा जाच सैल होत गेला, फांद्या विकायला मोकळीक मिळाली, आणि वीस वर्षांत सुमारे पन्नास लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडं परतली. नर्सरी नाही, खड्डे नाहीत, उद्घाटन नाही.

गंगापूरच्या शिवारातही बुडं आहेत. लिंब, बोर, बाभूळ, पळस हे सगळे आपोआप येणारे. अडचण ती राखण्यातून घराला काय मिळणार, ही आहे. राज्य सरकारनं १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू केली. शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाइलवर पिकाचा फोटो काढून सातबाऱ्यावर नोंद करायची. त्या ॲपमध्ये बांधावरच्या झाडांची नोंद करण्याचीही सोय दिलेली आहे. पिकाची नोंद शेतकरी आवर्जून करतो, कारण हमीभावाची खरेदी, अनुदान, नुकसानभरपाई तिच्यावर अवलंबून असते. झाडांच्या नोंदीवर आज काहीच अवलंबून नाही. तिच्यावर कर्ज मिळत नाही, दुष्काळात मदत मिळत नाही, उलट यादीतलं झाड नोंदवलं तर पुढे तोडताना तीच नोंद आडवी येईल ही भीती. त्या रकान्यात लिंब आणि बाभळी भरणाऱ्याला दुष्काळी वर्षी झाडामागे काही रक्कम मिळाली, तर व्यापाऱ्याच्या कटरशी बरोबरी करणारा दुसरा भाव पहिल्यांदाच बांधावर येईल. तोवर पीक नोंदवून शेतकरी पुढच्या पानावर जातो आणि झाडांचा रकाना कोरा सोडतो.